गालापागोस: सासूबाई आणि मुलासह जायचंय, क्रूझ घ्यावी की बेटांवर राहावं?

झुंजूमुंजू
मंडळी, कित्येक वर्षं मनात घोळत असलेली सहल आता करायचीच असं ठरवलंय. इक्वेडोरची गालापागोस बेटं. आम्ही दोघं, पाचवीतला मुलगा आणि सासूबाई. सासूबाई ६८ वर्षांच्या आहेत. रोज पर्वती चढून उतरतात, पण पोहता येत नाही, आणि पक्क्या शाकाहारी. लेकाच्या डोक्यात सध्या महाकाय कासवांशिवाय दुसरं काहीही नाही.

एजंट लोक क्रूझच घ्या म्हणून मागे लागलेत. किंमत ऐकून घाम फुटला. बेटांवर राहून रोज फिरता येतं असंही वाचलं. कोणी जाऊन आलं असेल तर कृपया सविस्तर लिहा: क्रूझ की मुक्काम, दिवाळीची सुट्टी की मे महिना, सासूबाईंच्या जेवणाचं काय. रजा दोन आठवड्यांच्या वर मिळणार नाही, त्यातच जाण्यायेण्याचे दिवस आले.

रानवाट
वाचनखूण साठवली आहे. येऊ द्या अनुभव.

डेलावेअरकर
आम्ही बेटांवर राहून केलं, आणि पुन्हा गेलो तरी तसंच करू. गालापागोसमध्ये माणसांची वस्ती मुख्यतः चार बेटांवर: सांता क्रूझ, सान क्रिस्तोबाल, इसाबेला आणि अगदी छोटं फ्लोरेआना. पहिल्या तिन्ही ठिकाणी सगळ्या दरांची हॉटेलं, लॉज, घरगुती खोल्या मिळतात. बाकी जवळजवळ ९७ टक्के जमीन राष्ट्रीय उद्यानात आहे. तिथे बहुतेक ठिकाणी परवानाधारक गाइडशिवाय पाऊल टाकता येत नाही. त्यासाठी दिवसभराच्या बोटसहली घ्यायच्या.

पण गाइड न घेता, फुकटात किंवा किरकोळ पैशात जे दिसतं तेच इतकं आहे की मुलगा घरी यायला तयार होणार नाही. सांता क्रूझवर पोर्तो आयोरा गावाचा मासळीबाजार म्हणजे धक्क्यावरचे दोनचार ओटे. बाई मासा कापत असते, आणि तिच्या मांडीला नाक लावून एक समुद्रसिंह तुकडा पडायची वाट बघत बसलेला असतो. दुसऱ्या बाजूला पेलिकन ओळीने उभे. ती न बघताच कोपराने त्याला बाजूला सारते आणि कापत राहते. आम्ही तिथे रोज संध्याकाळी जाऊन उभे राहायचो.

पैशांचं बोलायचं तर क्रूझला माणशी दिवसाला तीनशे ते सहाशे डॉलर धरा, ऐषारामी बोटींना त्याहून जास्त. मुक्काम केला तर एखाद्या दिवशी मोठी बोटसहल, दुसऱ्या दिवशी आराम, असं खर्चाला आवरता येतं. आजी दमल्या तर त्या दिवशी त्या खोलीवर राहू शकतात.

खगदर्शन
डेलावेअरकरांचा प्रतिसाद छान, पण मी क्रूझच्या बाजूने बोलणार. पक्ष्यांसाठी जाणार असाल तर मुक्काम करून अर्धं गालापागोस हातचं जातं. फर्नांदिना आणि इसाबेलाची पश्चिम बाजू बोटीवर राहिल्याशिवाय होतच नाही. न उडणारे पाणकावळे तिथेच. उत्तरेचं हेनोवेसा बेट म्हणजे लाल पायांचे बूबी हे समुद्रपक्षी, फ्रिगेट पक्षी आणि भर दिवसा शिकार करणारी घुबडं. बोट रात्री प्रवास करते, सकाळी डोळे उघडले की नवं बेट समोर. शिवाय तिथे एका गाइडमागे सोळापेक्षा जास्त माणसं नसतात, त्यामुळे गर्दी जाणवत नाही.

मात्र लहान मूल आणि पोहता न येणाऱ्या आजी म्हटल्यावर माझंही मत थोडं सैल पडतंय, हे कबूल.

प्रवाळ
मधला मार्ग आहे की. एस्पान्योला बेट आता सान क्रिस्तोबालहून एका दिवसात करता येतं. नॉर्थ सेमूर आणि बार्तोलोमे सांता क्रूझहून. नॉर्थ सेमूरला निळ्या पायांचे बूबी, फ्रिगेट आणि जमिनीवरचे पिवळे इग्वाना सरडे एकाच फेरीत दिसतात. मोठ्या दिवससहलीला माणशी दीडशे-दोनशे डॉलर जातात, पण क्रूझपेक्षा खूपच कमी.

आणि एक कळकळीची विनंती. तिन्ही बेटं करायच्या मागे लागू नका. दोनच घ्या. बेटांमधल्या स्पीडबोटी दोन तासांच्या असतात, सकाळी साधारण सात आणि दुपारी तीन. ते दोन तास हाडं खिळखिळी करतात. सान क्रिस्तोबाल ते इसाबेला थेट नाही, सांता क्रूझला बोट बदलावी लागते, म्हणजे अख्खा दिवस गेला. मी सुचवेन: विमानाने सांता क्रूझशेजारच्या बाल्ट्रा बेटावर उतरा, सांता क्रूझ बघा, एकदाच बोटीने सान क्रिस्तोबालला जा आणि परतीचं विमान तिथूनच पकडा. दोन्हीकडे विमानतळ आहे हे बरेच लोक तिकीट काढून झाल्यावर शोधतात.

गोगलगाय
बोट लागते का आजींना? कोकणात घाटात एसटी लागणारी माणसं असतील तर या स्पीडबोटी भारी पडतात. अर्धा तास आधी गोळी, पोटात काहीतरी कोरडं, आणि बसायचं मागे, उघड्या बाजूला, नजर क्षितिजावर. पुढच्या भागात बसलात की प्रत्येक लाटेला आपटता. अगदीच नको असेल तर बेटांमध्ये छोटी विमानंही जातात. महाग आहेत, पण ज्येष्ठ मंडळींसाठी विचार करण्यासारखी.

तिखटमीठ
जेवणाचा विषय माझा! बिनधास्त या. इक्वेडोरमध्ये भात रोजचा. त्यासोबत ‘मेनेस्त्रा’ म्हणजे शिजवलेली घट्ट मसूर किंवा घेवडा, आणि ‘पाताकोनेस’ म्हणजे कच्ची केळी चेपून दोनदा तळलेली. लोक्रो हे बटाटा-चीजचं दाट सूप, वर ॲव्होकाडो. दुपारी ‘आल्मुएर्सो’ असा फलक दिसला की आत शिरा: सूप, भात, एक पदार्थ, रस, सगळं मिळून पाचसात डॉलरांत. पर्यटकांच्या रस्त्यावर तेवढ्यात नुसतं सूप येईल.

काळजी एकाच गोष्टीची. मेनेस्त्रा किंवा सूप कोंबडीच्या पाण्यात शिजवलेलं असू शकतं. म्हणून नुसतं शाकाहारी म्हणून थांबू नका. ‘सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो, सिन काल्दो दे पोयो’ (मांस, कोंबडी, मासा, कोंबडीचं पाणी, काही नको) असं कागदावर लिहून दाखवा. मी तो कागद पाकिटातच ठेवला होता, स्वयंपाकघरापर्यंत जाऊन यायचा. नळाचं पाणी पिऊ नका. बाटली बरोबर ठेवा, राहत्या ठिकाणी भरून मिळते. एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिक पिशव्या, स्ट्रॉ यांवर बेटांवर २०१८ पासून बंदी आहे.

आजोबा_डोंबिवली
सर्वांचे प्रतिसाद वाचले. माझा प्रश्न जरा वेगळा आहे, राग नसावा. इतक्या नाजूक जागी आपण जावंच का? २०२३ साली तीन लाखांहून जास्त पर्यटक तिथे उतरले असं वाचनात आलं. तिथे राहणारी माणसं तीसेक हजार. आपल्याकडे ताडोबात एका वाघामागे जिप्सींची रांग लागते, ते बघून मी जाणं सोडलं.

झुंजूमुंजू
आजोबा, राग कसला. हा प्रश्न आमच्याही घरात झाला. लेकाने विचारलं की आपण गेलो नाही तर कासवांना बरं वाटेल का. उत्तर देता आलं नाही.

खगदर्शन
आजोबा, तुमचा मुद्दा मोलाचा आहे. पण तिथली व्यवस्था मी जवळून बघितली आहे. राष्ट्रीय उद्यान १९५९ सालचं. युनेस्कोच्या जागतिक वारशाची पहिली यादी १९७८ साली निघाली, तिच्यात गालापागोस होतं. १९९८ च्या विशेष कायद्याने सागरी राखीव क्षेत्र झालं आणि मुख्य भूमीवरच्या इक्वेडोरी माणसालाही बेटांवर येऊन कायमचं राहणं अवघड केलं. बोटींचे मार्ग उद्यानच ठरवून देतं. कुठली बोट कुठल्या दिवशी कुठल्या बेटावर लागेल हे कप्तानाच्या हातात नसतं.

आणि प्रवेशशुल्काचा पैसा कामाला लागतो. उत्तर इसाबेला आणि सांतियागोवर माणसाने सोडलेल्या बोकडांनी कासवांचं रान बोडकं केलं होतं. १९९७ ते २००६ या काळात दीड लाखाच्या आसपास बोकड हटवले. एस्पान्योलावर तर फक्त चौदा कासवं उरली होती, बारा माद्या आणि दोन नर. त्यांना सांता क्रूझच्या प्रजनन केंद्रात आणलं, सान दिएगोच्या प्राणिसंग्रहालयातून तिसरा नर मागवला, तोच तो दिएगो. पिढ्या वाढल्या, पिल्लं बेटावर सोडली, आणि जून २०२० मध्ये दिएगोसह राहिलेल्या पंधराही कासवांना एस्पान्योलावर परत सोडलं. झुंजूमुंजू, ही गोष्ट लेकाला सांगा. त्याच केंद्राच्या आवारात ‘एकाकी जॉर्ज’चं जतन केलेलं शरीर ठेवलंय. पिंटा बेटाचं शेवटचं कासव, २४ जून २०१२ ला गेला.

आजोबा_डोंबिवली
माहितीबद्दल मनापासून आभार. बोकड हटवले म्हणजे मारले, हे पचायला जड जातंय. पण चौदावरून परत आले हे वाचून बरंही वाटलं. विचार करतो.

डेलावेअरकर
शुल्काचा विषय निघालाय तर: १ ऑगस्ट २०२४ पासून परदेशी प्रौढाला २०० डॉलर, १२ वर्षांखालील मुलाला १००. त्याआधी वर्षानुवर्षं शंभरच होतं. लेक बाराचा व्हायच्या आत गेलात तर शंभर वाचतील. शिवाय मुख्य भूमीवरच्या कीटो किंवा ग्वायाकिलच्या विमानतळावर माणशी २० डॉलरचं प्रवेशकार्ड घ्यावं लागतं. परतीचं तिकीट आणि राहण्याचं आरक्षण दाखवायची तयारी ठेवा. कार्ड हरवू नका, परत निघताना लागतं. सगळं रोख. इक्वेडोरचं चलन २००० सालापासून अमेरिकन डॉलरच आहे, पण पन्नास-शंभरच्या नोटा दुकानदार घेत नाहीत. पाच, दहा, वीसच्या घेऊन जा. विशेषतः इसाबेलाला जाताना एटीएमवर विसंबू नका.

बाल्ट्राहून बस, मग छोट्या खाडीवर फेरी, मग पुन्हा बस किंवा टॅक्सी, असं करत पोर्तो आयोरा. सामान तीनदा चढउतार होतं. एकेक हलकी बॅग.

माहीमची_मी
व्हिसा आणि लस यावर कोणीच बोललं नाही! भारतीय पासपोर्टला इक्वेडोरचा व्हिसा लागतो. दिल्लीतल्या दूतावासाचे ताजे नियम बघूनच पुढचं पाऊल टाका. आपल्याकडून अ‍ॅमस्टरडॅम किंवा माद्रिदमार्गे जातात, तर त्या ट्रान्झिटच्या व्हिसाचंही आधी बघा.

लस त्याहून महत्त्वाची. इक्वेडोर पीतज्वराच्या देशांच्या यादीत आहे. परत येताना मुंबईला उतरल्यावर पीतज्वराच्या लशीचं पिवळं कार्ड मागतात. ते नसेल तर विलगीकरणात ठेवू शकतात. लस ठरावीक केंद्रांवरच मिळते आणि कार्ड दहा दिवसांनी लागू होतं, म्हणून आदल्या आठवड्यात धावाधाव करून उपयोग नाही. साठीच्या वरच्यांना ही लस डॉक्टरांनी तपासून, विचार करूनच देतात. सासूबाईंच्या बाबतीत सगळ्यात पहिलं काम हेच करा. तिकीट नंतर.

झुंजूमुंजू
बापरे, माहीमची, हे मला अजिबात माहीत नव्हतं. उद्याच डॉक्टरांची वेळ घेते. आणि एक बाळबोध प्रश्न: सासूबाई मेथीचे लाडू, चिवडा, थोडं धनेजिरं बरोबर घेणार म्हणतायत. चालेल ना?

प्रवाळ
धनेजिरं घरी ठेवा! बिया, ताजी फळं, भाज्या, रोपं, काही नाही. निघतानाच्या विमानतळावर बॅगा तपासतात, उतरल्यावर पुन्हा. विमानात सामानाच्या कप्प्यात कीटकनाशकही फवारतात. चिवडा-लाडू कंपनीच्या बंद पाकिटातले असले तर सोपं जातं. तरी अर्जावर लिहा आणि स्वतःहून दाखवा. त्यांनी काढून घेतलं तर वाद न घालता द्यायचं. बुटांच्या तळाला पुण्याची माती नको, घासून धुऊन न्या.

हे काटेकोरपणाचं कारण आपल्या घराजवळचंच आहे. सांता क्रूझच्या डोंगरावर गेलात की गाइड एक काटेरी झुडूप दाखवेल, वर काळी फळं. मैसूर रास्पबेरी. मूळची भारत आणि आजूबाजूच्या आशियातली. कोणीतरी फळासाठी लावली आणि आज तिथली सर्वांत त्रासदायक घुसखोर वनस्पती झाली आहे. तिच्या जाळीखाली बेटाची स्वतःची झाडं उगवतच नाहीत. एवढीशी बी.

तिखटमीठ
लाडू विमानात ग्वायाकिलपर्यंत संपवा. आजींच्या हातचे असतील तर तोवर उरणारही नाहीत.

निळासमुद्र
पाण्याबद्दल लिहितो. पोहणाऱ्या मुलासाठी जाण्याआधी मास्क आणि नळी तोंडात धरून सराव करून घ्या. तरणतलावात, किंवा जमलं तर तारकर्लीला. तिथे पहिल्यांदा मास्क लावला की मुलं घाबरतात आणि मग समोरून कासव जात असताना पाणी खोकत बसतात. वेटसूट तिथे भाड्याने मिळतो, घ्याच. विषुववृत्तावर आहे म्हणून पाणी गरम असेल हा गैरसमज. दक्षिणेकडून हम्बोल्टचा गार प्रवाह येतो, पश्चिमेला खोलातला गार प्रवाह वर येतो, म्हणून तर तिथे पेंग्विन राहतात.

समुद्रसिंहाची पिल्लं स्वतःहून खेळायला येतात, तोंडासमोर गिरकी घेतात, बुडबुडे सोडतात. हात पुढे करायचा नाही. किनाऱ्यावर मोठा नर भुंकत फिरत असेल तर वाट वाकडी करून जायचं, तो आपल्या माद्यांची राखण करत असतो.

पोहता न येणाऱ्या आजींसाठी सान क्रिस्तोबालचा प्लाया मान किनारा. गावातून चालत पाच मिनिटं. वाळूत बसलं की समुद्रसिंह आजूबाजूला झोपलेले. गावातल्या बाकांवरही तेच झोपतात, माणसं उभी राहतात.

रानवाट
प्राण्यांपासून दोन मीटर लांब राहायचा नियम आहे ना, तो खरंच पाळतात का लोक?

खगदर्शन
गाइड पाळायला लावतात, आणि पाळायलाच हवं. तिथले प्राणी माणसाला भीत नाहीत, कारण हजारो वर्षं मोठा शिकारी त्यांनी पाहिलाच नाही. तो विश्वास आपण मोडायचा नाही. फ्लॅश बंद, ड्रोन बंद, पायवाट सोडायची नाही. बूबी वाटेतच अंडं घालून बसलेला असतो, तेव्हा आपण वळसा घ्यायचा. समुद्री इग्वाना नाकातून मिठाचं पाणी फवारतात, त्यांच्या डोक्यावर मिठाचा पांढरा थर साचलेला दिसतो. जवळ जाऊन बघायची गरज नाही, दुर्बीण न्या. आणि मांझानियोच्या झाडाखाली बसू नका. छोट्या हिरव्या सफरचंदासारखं फळ दिसतं, चीक अंगाला लागला तरी फोड येतात. कासवं खातात म्हणून मुलाने उचलू नये.

आजोबा_डोंबिवली
डार्विनच्या चिमण्यांबद्दल कोणीतरी लिहा. शाळेत शिकवताना चोचींची चित्रं फळ्यावर काढायचो.

खगदर्शन
आजोबा, डार्विन तिथे १८३५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पाचेक आठवडे होता. आणि त्याला बेटाबेटांतला फरक प्रथम जाणवला तो मॉकिंगबर्ड पक्ष्यांमध्ये. फिंचचे, म्हणजे तुमच्या त्या चिमण्यांचे, नमुने त्याने बेटवार नीट लिहूनही ठेवले नव्हते. चोचींचं खरं काम केलं पीटर आणि रोझमेरी ग्रँट या दांपत्याने, बाल्ट्राजवळच्या डाफ्ने मेजर या टीचभर बेटावर, १९७३ पासून चाळीस वर्षं. १९७७ च्या दुष्काळात मऊ बारीक बिया संपल्या, टणक उरल्या. मोठ्या चोचीचे फिंच जगले, आणि पुढच्या पिढीची चोच मोजली तर सरासरी वाढलेली. नॉर्थ सेमूरच्या सहलीत डाफ्ने लांबून दिसतं. बोटीवर त्या वेळी सगळे जेवत असतात, तुम्ही डेकवर राहा.

आजोबा_डोंबिवली
हे वर्गात सांगायला मिळालं असतं तर! नातवाला सांगतो.

झुंजूमुंजू
सगळ्यांचे किती आभार मानू. डॉक्टरांकडे जाऊन आले. त्यांनी सासूबाईंच्या तपासण्या सांगितल्यात, त्या झाल्या की लशीचं ठरेल. प्रवाळ यांचा मार्ग घरात सर्वांना पटला: बाल्ट्राला उतरायचं, सांता क्रूझ, मग सान क्रिस्तोबाल, परत तिथूनच. फक्त मे की दिवाळी हे राहिलं. आणि ग्वायाकिलबद्दल बातम्या वाचून थोडी धाकधूक आहे.

प्रवाळ
मे घ्या. जानेवारी ते मे पाणी उबदार, समुद्र शांत, मध्येच एखादी जोराची सर आणि पुन्हा ऊन. जूनपासून गारूआ सुरू होतो, म्हणजे ढग, भुरभुर आणि गार वारा. ऑगस्ट-सप्टेंबरला समुद्र सर्वांत खवळलेला, दिवाळीपर्यंत निवळत येतो पण पाणी गारच असतं. सासूबाईंची बोट आणि मुलाचं पोहणं, दोन्हींना मे बरा. शिवाय एस्पान्योलावर अल्बट्रॉस पक्षी एप्रिलअखेर परतलेले असतात, आणि निळ्या पायांच्या बूबींचं एकेक पाऊल उचलून नाचणं साधारण तेव्हाच रंगात येतं.

डेलावेअरकर
ग्वायाकिलबद्दल: इक्वेडोर सरकारने जानेवारी २०२४ मध्ये टोळ्यांविरुद्ध अंतर्गत सशस्त्र संघर्ष जाहीर केला, तेव्हापासून तिथे सावधच राहावं. बेटांवर तसं वातावरण नाही, आम्ही रात्री निवांत फिरायचो. ग्वायाकिलला मुक्काम पडला तर विमानतळाजवळच्या हॉटेलात राहा, त्यांचीच गाडी मागवा, शहर फिरायला जाऊ नका. कीटो सुंदर आहे, पण २८५० मीटर उंचीवर. लांबच्या प्रवासाने थकलेल्या सासूबाईंना तिथे धाप लागू शकते. त्यामुळे जाताना ग्वायाकिल, हे माझं मत.

तिखटमीठ
कासवांचं राहिलं! केंद्रातली बघाच, पण सांता क्रूझच्या डोंगरावर एल चातो भागात शेतं आहेत, तिथे कासवं मोकळी फिरतात. किरकोळ तिकीट असतं, गमबूट तिथेच देतात. लेकाला सांगा, समोरून नाही, मागून थोडं अंतर ठेवून उभं राहायचं. जवळ गेलं की कासव मान आत ओढतं आणि कुकरची वाफ सुटावी तसा फूस्स आवाज येतो. फुप्फुसातली हवा बाहेर पडते ती. म्हणजे आपण फार जवळ आलो, दोन पावलं मागे. मग पाच मिनिटं गप्प उभं राहिलात की मान बाहेर येते आणि ते गवत तोडायला लागतं. दात नसतात, जबड्याच्या कडेने तोडतं, तो आवाज ऐकू येतो.

झुंजूमुंजू
लेक शेजारी बसून हे वाचतोय. विचारतोय, मे महिन्यात कासवं डोंगरावर असतात का.

प्रवाळ
त्याला सांग, बरीच कासवं ऋतूप्रमाणे वरखाली करतात. पावसाळ्यात खाली ओलं गवत फुटतं तेव्हा खाली उतरतात, कोरड्या दिवसांत वर. पण एल चातोच्या शेतांत वर्षभर काही ना काही असतातच, तळ्याच्या चिखलात बसलेली. सकाळी लवकर जा, टॅक्सीवाल्याला थांबायला सांगून भाडं आधी ठरवा. तपासण्यांचं काय झालं ते इथे कळवा, मग तिकिटांकडे बघू.